काचसामान

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटांना काच असते ती आतलं साहित्य दिसावं म्हणून, आणि कुलूप असतं ते त्याला कुणाचा हात लागू नये म्हणून. आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत अशी कपाटं भिंतीला लागून ओळीनं उभी होती. त्यांत काय काय होतं ते मी आजही घडाघडा सांगेन, कारण पाहण्यापलीकडे त्या वस्तूंचं काही करता येत नसल्यामुळे पाहणं मात्र भरपूर झालं. वरच्या फळीवर एकात एक बसवलेली चंचुपात्रं. त्याखाली शंकूपात्रं, गोल बुडाचे चंबू, लांब दांड्याची नरसाळी. मग तपकिरी बाटल्यांची रांग. चिठ्ठ्यांवरची शाई आम्लाच्या वाफांनी उडालेली. खालच्या खणात पितळी वजनांची पेटी, मखमलीच्या खोबणींत उतरत्या क्रमानं बसलेली वजनं आणि मिलिग्रॅमच्या पत्र्या उचलायचा इवलासा चिमटा. नादकाटे, स्प्रिंगकाटे, नालाकृती चुंबक. कोपऱ्यात फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला बेडूक आणि शेजारच्या बरणीत तारामासा. आमच्या वर्गात समुद्र पाहिलेला बहुधा तो एकटाच.

त्या कपाटांच्या काचेवर आतून एक पांढुरका थर धरलेला असे. फडकं मारलं की जायचा आणि काही दिवसांनी पुन्हा हजर. धुळीचा आणि त्याचा संबंध नव्हता. हायड्रोक्लोरिक आम्लाची आणि अमोनियाची बाटली एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेली होती. बुचं कितीही घट्ट लावली तरी दोन्हींतून थोडी थोडी वाफ बाहेर पडते, हवेत एकत्र येते आणि नवसागराचे बारीक कण होऊन मिळेल त्या जागी बसते. आम्ही बाकांवर बसून ‘आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार तयार होतो’ हे वाक्य पाठ करत होतो, आणि पाठीमागे ते कुलूपबंद कपाट हाच प्रयोग बारा महिने करत होतं. त्या खोलीत नियमितपणे प्रयोग करणारं ते एकमेव होतं, असं म्हटलं तरी चालेल.

साहित्य नव्हतं असं नाही. साहित्य होतं, आणि ते डेडस्टॉक रजिस्टरात नोंदलेलं होतं. ज्यांनी शाळेत किंवा सरकारी कचेरीत काम केलंय त्यांना या जाडजूड वहीचा दरारा सांगायला नको. वस्तूचं नाव, खरेदीची तारीख, किंमत, नग, शेरा. वस्तू फुटली, मोडली, हरवली की तिचं निर्लेखन करावं लागतं. त्यासाठी प्रस्ताव, समिती, सह्या, मंजुरी. ती येईपर्यंत फुटक्या वस्तूचे तुकडेसुद्धा पुरावा म्हणून खोक्यात जपून ठेवायचे. तपासणीला आलेले साहेब वहीतला आकडा आणि कपाटातला आकडा ताडून पाहतात. दोन्ही जुळले की प्रयोगशाळा उत्तम. ‘ही वस्तू यंदा किती मुलांच्या हातात गेली?’ असा रकाना त्या वहीत मी कधी पाहिलेला नाही.

अशा व्यवस्थेत विज्ञानाच्या शिक्षकानं काय करावं? साठ मुलांच्या हातात काच दिली तर काही फुटणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. फुटलं तर कागदपत्रं त्याच्या गळ्यात, आणि भरपाई खिशातून जाईल ही धास्ती वेगळी. काहीच दिलं नाही तर मात्र कुणी विचारत नाही. तेव्हा कुलूप लावणारा शिक्षक आळशी असतो किंवा त्याला मुलांविषयी आस्था नसते, असं मला वाटत नाही. तो शहाण्यासारखाच वागत असतो; शहाणपणाची दिशा वहीनं ठरवून दिलेली असते. आपल्या घरांत पाहुण्यांसाठी म्हणून शोकेसमध्ये ठेवलेला कपबश्यांचा सेट पाहुणे आले तरी बाहेर निघत नाही, तशी आपल्या प्रयोगशाळांची गत झाली आहे.

मग उरतं ते सरांच्या टेबलावरचं प्रात्यक्षिक. हायड्रोजनचा प्रयोग आठवून पाहा. जस्ताचे तुकडे, वरून विरल आम्ल, वाकवलेली नळी, पाण्यात उपडी धरलेली परीक्षानळी आणि शेवटी तिच्या तोंडाशी नेलेली पेटती काडी. पुढच्या दोन बाकांना बुडबुडे दिसायचे. मधल्यांना सरांचं कोपर. मागच्यांच्या वाट्याला फक्त तो ‘फट्’ आवाज यायचा आणि तेवढ्यावर त्यांनी हायड्रोजन ज्वलनशील आहे हे मान्य करायचं. मान्य न करून सांगतात कुणाला? पुस्तकात ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ आधीच छापलेलं होतं. प्रयोग ही त्या छापील वाक्याची एक सजावट होती. सजावट फसली, आवाज आलाच नाही, तरी अनुमानात फरक पडत नसे.

फसलेल्या प्रयोगाला जागाच नसणं ही सवय पुढे कॉलेजात अधिक सफाईदार होते. तिथे साहित्य हातात मिळतं, पण जर्नलमध्ये उत्तर काय यायला हवं हे आधीच ठरलेलं असतं. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान, या क्रमानं लिहिलेली मागच्या वर्षीची जर्नलं हातोहात फिरतात. साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचा प्रयोग घ्या. दोऱ्याची लांबी मोजायची, वीस-पंचवीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा, सूत्रात घालायचं. उत्तर ९.८१ यायला हवं हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून बरेचजण ९.८१ पासून उलटं गणित करत जातात आणि वेळेचे आकडे ‘जुळवतात’. गंमत अशी की ९.८०६६५ ही १९०१ साली जगासाठी ठरवून घेतलेली प्रमाण किंमत आहे, साधारण पंचेचाळीस अक्षांशाच्या आसपासची. विषुववृत्ताकडे जावं तसं गुरुत्वत्वरण थोडं घटतं. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर ते ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान भरतं. म्हणजे एखाद्या मुलीनं लांब दोरा घेऊन, गोळ्याची त्रिज्या न विसरता, पंख्याचा वारा टाळून मन लावून प्रयोग केला आणि तिचं उत्तर ९.७८ आलं, तर तिनं आपल्या पायाखालची जमीन बरोबर मोजलेली असते. ते खोडून ९.८१ लिहायला लावणं म्हणजे तिच्या दोऱ्यावर, घड्याळावर आणि तिच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणं. साहित्य हातात देऊनही ते न दिल्यासारखं कसं करावं, याचा हा नमुना.

आमच्या शाळेत त्या साहित्यावर खरा विश्वास एकाच माणसाचा होता. प्रयोगशाळेचे परिचर. त्यांना सगळे मामा म्हणत. शिक्षण फारसं झालेलं नव्हतं, पण काचेबद्दल त्यांना जे कळत होतं ते पुस्तकात नव्हतं. बाटलीचं काचेचं बूच अडकलं तर जोर लावायचा नाही. मान गरम पाण्याच्या फडक्यानं शेकायची आणि लाकडाच्या तुकड्यानं हळू ठोकायचं, म्हणजे मान आधी प्रसरण पावते आणि बूच सुटतं. बुचाच्या भोकात काचेची नळी घालताना नळीला पाणी किंवा ग्लिसरीन लावायचं, हाताला फडकं गुंडाळायचं आणि ढकलायची नाही, फिरवत न्यायची. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधी नाही. तापलेली काच आणि गार काच दिसायला सारखीच असते, म्हणून कुठलीही काच आधी तापलेलीच समजायची. आणि भांडं स्वच्छ आहे की नाही हे ओळखायची त्यांची परीक्षा तर फारच सुंदर होती: धुऊन उपडं धरलं की पाण्याचा सलग पातळ पापुद्रा खाली उतरला पाहिजे. कुठे थेंब अडकून राहिला तर तिथे तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा.

हे ज्ञान मामांना आलं कुठून? वर्षानुवर्षं काच हाताळून, आणि अर्थातच फोडून. सुरुवातीच्या दिवसांत काय काय फुटलं याच्या गोष्टी ते रंगवून सांगत. शाळेत फोडण्याचा परवाना जणू त्यांनाच होता, म्हणून शिकले तेच. असे परिचर निवृत्त झाले की त्यांची जागा भरलीच जाते असं नाही, आणि मग पुढच्या शिक्षकाला बूच कसं सोडवायचं हे सांगणारंही कुणी उरत नाही.

काच का तडकते हा प्रश्नच किती काही शिकवून जातो. साध्या काचेची नळी ज्योतीवर एकाच जागी धरली की तापलेला भाग फुगू पाहतो, शेजारचा गार भाग त्याला फुगू देत नाही, आणि त्या ओढाताणीत तडा जातो. म्हणून नळी तिरकी धरून हलवत तापवायची. या दुखण्यावर उपाय जर्मनीतल्या येना गावी ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढला. काचेत बोरॉनचं ऑक्साइड मिसळलं की तिचं प्रसरण साध्या काचेच्या जवळपास एक तृतीयांशावर येतं. पुढे १९१५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं अशीच काच ‘पायरेक्स’ नावानं बाजारात आणली. आपल्याकडे ‘बोरोसिल’ हे नाव प्रयोगशाळेतून थेट स्वयंपाकघरात गेलं. हा सगळा इतिहास एका तडकलेल्या परीक्षानळीपासून सांगता येतो. पण त्यासाठी वर्गात एक तरी नळी तडकावी लागते, आणि ती तडकल्यावर ओरडायच्या ऐवजी ‘का तडकली?’ असं विचारणारं कुणी समोर असावं लागतं.

कपाटातल्या ज्या उपकरणावर माझा सगळ्यात जीव होता ते म्हणजे किपचं उपकरण. एकावर एक तीन काचेचे फुगे. मधल्या फुग्यात आयर्न सल्फाइडचे खडे. वरच्या फुग्यातून आम्ल ओतलं की लांब दांड्यातून ते थेट तळाच्या फुग्यात उतरतं आणि चढत चढत मधल्या खड्यांना भिडतं. वायू तयार होतो, बाजूच्या तोटीतून बाहेर येतो. तोटी बंद केली की कोंडलेला वायू आम्लाला खाली दाबतो, आम्ल खड्यांपासून दूर होतं, दांड्यातून वरच्या फुग्यात चढतं आणि अभिक्रिया आपोआप थांबते. तोटी उघडा, पुन्हा सुरू. ना वीज, ना स्प्रिंग, ना कुणी राखण करणारा. डेल्फ्ट गावातले औषधविक्रेते पेट्रुस याकोबुस किप यांनी १८४४ च्या सुमारास हे बनवलं. वायूचा दाब म्हणजे काय हे मला व्याख्येतून कळलं नव्हतं. कॉलेजात ते आम्ल मागे सरकताना पाहिलं तेव्हा कळलं. कुजक्या अंड्यांचा वास सगळ्या इमारतीत भरलेला होता आणि वरच्या मजल्यावरून मराठीचे प्राध्यापक खाली येऊन वैतागत होते, तरीही कळलं. त्या विषारी वायूचं काम अभ्यासक्रमातून कमी होत गेलं तशी ही उपकरणंही कपाटात कायमची जाऊन बसली. वायू गेला ते बरंच झालं, पण चुनखडी आणि विरल आम्ल घालून तेच उपकरण कार्बन डायऑक्साइडवर छान चालतं, हेही त्याबरोबर विसरलं गेलं.

असं उपकरण नसेल तर? हा प्रश्न जगाला दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या प्रमाणात पडला. युरोपात आणि आशियात शाळाच्या शाळा उद्ध्वस्त झाल्या होत्या. काच तर सगळ्यात आधी गेली होती. तेव्हा लंडनमधले शिक्षक जे. पी. स्टीफनसन यांनी युद्धात होरपळलेल्या देशांतल्या विज्ञानशिक्षकांसाठी एक पुस्तिका लिहिली. युनेस्कोनं ती १९४८ मध्ये छापली आणि तिच्यातून पुढे १९५६ मध्ये विज्ञानशिक्षणाचं जाडजूड साधनपुस्तक तयार झालं. डबे, बाटल्या, तारा, बुचं, काचेचे तुकडे यांतून तराजूपासून सूक्ष्मदर्शीपर्यंत काय काय करता येतं, हे त्यात आकृत्यांसह दिलं होतं. जगभर अनेक भाषांत ते गेलं. तंगीच्या काळासाठी लिहिलेलं पुस्तक सुबत्तेच्या देशांतही वापरलं गेलं, कारण शिक्षकांच्या लक्षात आलं की जे साहित्य मूल स्वतः बनवतं ते त्याला आतून कळतं.

आपल्याकडे याचा सगळ्यात मोठा आणि गंभीर प्रयोग मध्य प्रदेशात होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) जिल्ह्यात झाला. १९७२ मध्ये ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी सोळा उच्च प्राथमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ इथले वैज्ञानिक खेड्यातल्या गुरुजींबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करू लागले. १९७८ मध्ये कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये तो पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली. चार चार मुलांची टोळी आणि प्रत्येक टोळीपुढे स्वतःचं साहित्य, हे त्यातलं मुख्य सूत्र. विच्छेदनाच्या सुईऐवजी बाभळीचा काटा वापरायची युक्ती तिथलीच. काटा मोडला की शाळेबाहेरच्या झाडावरून दुसरा. त्याची नोंद कुठल्याच वहीत करावी लागत नव्हती. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत प्रश्न होते, कृती होत्या, पण निष्कर्ष छापलेले नव्हते, ते मुलांनी काढायचे होते. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि हातानं प्रयोग करून दाखवायची परीक्षा वेगळी. हा कार्यक्रम राज्य सरकारनं २००२ मध्ये बंद केला. तीस वर्षं खेड्यापाड्यांतल्या सरकारी शाळांत तो चालला, ही गोष्ट मात्र आता कुणाला पुसता येणार नाही.

त्या होशंगाबादचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेले अभियंते पुण्यात टेल्कोत नोकरी करत होते. १९७८ मध्ये रजा काढून ते होशंगाबादला गेले. तिथल्या आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी त्यांना मिळाली, तिचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती तयार होऊ लागल्या. चौकोन ढकलला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. पूल आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणांच्या का असतात, हे पोराच्या बोटांना एका मिनिटात समजतं. पुढे पुण्याच्या ‘आयुका’त मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली. तिची ‘पुलस्त्य’ ही इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून झाली. गुप्तांनी तिथे अनेक वर्षं कचऱ्यातून खेळणी करून दाखवली. पुलंच्या नावाच्या घरात मुलं फुंकर मारून स्ट्रॉची पिपाणी वाजवतात आणि ध्वनीचं शास्त्र शिकतात, याहून समर्पक स्मारक मला सुचत नाही.

इथे थोडं थांबून एक सावधगिरीचा शब्द सांगायला हवा. ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही घोषणा फार सोयीची आहे, आणि ती ज्यांना सर्वांत सोयीची आहे ते मुलांचे शिक्षक नव्हेत, अनुदान देणारे आहेत. स्ट्रॉनं पिपाणी होते, पण स्ट्रॉनं आम्लाचा सामू मोजता येत नाही. काडीनं त्रिकोण होतो, पण एक मिलिग्रॅम तोलता येत नाही. अचूकता हा विज्ञानाचा अर्धा भाग आहे आणि त्याला पैसे पडतात. चांगला तराजू, चांगला सूक्ष्मदर्शी, गंजलेला नसलेला स्क्रूगेज खेड्यातल्या मुलालाही मिळालाच पाहिजे; त्याच्या हातात काडेपेटी देऊन कुणी मोकळं होऊ नये. शिवाय कल्पकतेचंही कर्मकांड होतं. विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचे ज्वालामुखी वर्षानुवर्षं खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओकत असतात, त्यातून मुलाला ज्वालामुखीही कळत नाही आणि सोडाही.

स्वस्त आणि अचूक या दोन गोष्टी एकत्र येऊ शकतात, याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे ‘फोल्डस्कोप’. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सायबुल्स्की यांनी कागद दुमडून हा सूक्ष्मदर्शी तयार केला आणि २०१४ मध्ये त्याची रचना शोधनिबंधातून जगापुढे ठेवली. त्यातलं साहित्य एक डॉलरच्या आत बसतं. मनू प्रकाशही कानपूर आयआयटीचेच विद्यार्थी. त्यामागचं तत्त्व जुनं आहे, एकच बारीक गोल भिंग. सतराव्या शतकात अँटनी व्हॅन लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानं अशाच एका भिंगातून पाण्याच्या थेंबातले जीव पाहिले होते, आणि योगायोग असा की तोही किपच्याच डेल्फ्ट गावचा. फोल्डस्कोप पाण्यात पडला तरी चालतो, खिशात मावतो. मला त्याची सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यावर डेडस्टॉकचा क्रमांक रंगवायला जागाच नाही.

आता वर्गात मोठा पडदा आला आहे. त्यावर प्रयोगांचे व्हिडिओ दिसतात, स्वच्छ, जवळून घेतलेले, कोपर आडवं न येणारे. मी त्यांच्या विरोधात नाही. मागच्या बाकावरच्या मुलाला निदान बुडबुडे दिसू लागले. पण व्हिडिओतला हायड्रोजन दर वेळी ‘फट्’ करतोच. चुनकळीवर पाणी पडल्यावर नळी हाताला चटका देते, नवसागर पाण्यात विरघळताना तीच नळी गार पडते, हे पडद्यावरून कळत नाही. तळहाताला जे कळतं ते विसरलं जात नाही. दहावीला विज्ञानाच्या शंभरातले वीस गुण प्रात्यक्षिकाला आहेत, बारावीला भौतिकशास्त्राच्या शंभरातले तीस. कागदावर हाताला एवढी किंमत दिली आहे. हे गुण काच न हाताळताही मिळू शकतात, हीच खरी अडचण.

सगळंच फुटू द्यावं असंही मी म्हणत नाही. पाऱ्याचा तापमापी फुटला की टेबलावर पळणारे ते चकचकीत मणी बोटांनी गोळा करणं हा आमच्या पिढीचा आवडता खेळ होता, आणि पाऱ्याची वाफ शरीरात जाते हे लक्षात घेता तो भयंकर खेळ होता. जाळीच्या मधोमध ॲस्बेस्टॉसचं पांढरं वर्तुळ असायचं, तेही आता नको. डोळ्यांना चष्मा हवा, वाळूची बादली हवी, पाण्याचा नळ चालू हवा. पाऱ्याऐवजी लाल अल्कोहोलचा तापमापी घ्यावा. फुटलं तरी इजा होणार नाही असं साहित्य निवडणं आणि मग ते निर्धास्तपणे मुलांच्या हातात देणं, यालाच मी प्रयोगशाळेची खरी व्यवस्था म्हणेन. काचेचं रक्षण करणारी व्यवस्था आपल्याकडे भक्कम आहे, मुलांचं रक्षण करणारी तेवढी नाही.

आणि मुद्दा शेवटी पैशांवर येतोच, तर तोही सरळ मांडू. शाळांना देणग्या मिळतात त्या उद्घाटन करता येईल अशा गोष्टींना. माजी विद्यार्थ्यांची बॅच जमते, नवं कपाट देते, त्यावर पाटी लागते, फीत कापली जाते. नंतरच्या जूनमध्ये लिटमस कागद संपला, मॅग्नेशियमची फीत काळवंडली, स्पिरिट उडून गेलं, चार चंचुपात्रं फुटली, यासाठी कुणी देणगी देत नाही, कारण त्यावर पाटी कुठे लावणार? या बाबतीत केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत, जी २०१६ मध्ये सुरू झाली, एक गोष्ट शहाणपणाची होती. शाळेला मिळणाऱ्या वीस लाखांपैकी दहा लाख उभारणीसाठी आणि दहा लाख जास्तीत जास्त पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी, अशी विभागणी तिथे केली. निदान चालू खर्च नावाची वस्तू असते हे मान्य झालं. मात्र पाच वर्षांनंतरही मुलं येतच राहतात, आणि काच फुटतच राहते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. प्रयोगशाळेच्या अंदाजपत्रकात फुटतुटीची रक्कम दर वर्षी वेगळी, उघडपणे आणि न लाजता धरली जावी. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, तापमापी हे जिन्नस डेडस्टॉकमधून काढून खडूच्या शेजारी नोंदवावेत. खडू संपला म्हणून कुणी समिती नेमत नाही, उलट खडू संपला नाही तर शिकवलं काय, असा प्रश्न येतो. काचेलाही तोच न्याय लावावा. माजी विद्यार्थ्यांनी कपाट न देता दर जूनला थोडं काचसामान द्यावं. आणि ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना एक विनंती. पुढच्या पालकसभेत निकालाची टक्केवारी विचारून झाली की विज्ञानाच्या शिक्षकांना आपुलकीनं आणखी एक प्रश्न विचारा: यंदा प्रयोगशाळेत काय काय फुटलं? त्यांनी मोठी यादी सांगितली तर त्यांचे आभार माना आणि पुढच्या वर्षीच्या काचसामानासाठी काही रक्कम तिथेच देऊन या. एकही नळी फुटली नाही असं उत्तर आलं, तर कपाटाची किल्ली कुणाकडे असते याची चौकशी करा.